फासे, भूप आणि शार्ङ्गदेवाचा हिशेब

गेल्या हिवाळ्यात नागपुरातील एका महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ‘स्वरचित वाद्यसंगीत’ या विभागातून एका विद्यार्थ्याची रचना बाद ठरवण्यात आली. विद्यार्थी एम. ए. मराठीचा. त्याने लॅपटॉपवर सा, रे, ग, प, ध हे पाच स्वर धरून ठेवले होते. त्यांतला कोणता केव्हा वाजावा हे त्याने शक्यतेच्या टक्क्यांवर सोडले होते आणि ते टक्के सात-आठ मिनिटांच्या अवधीत हळूहळू बदलत नेले होते. प्रवेशपत्रिकेवर त्याने ‘भूप’ असे लिहिले. परीक्षकांनी तीन आक्षेप घेतले. ही चीज प्रत्येक खेपेस निराळी वाजते, म्हणून ती रचनाच नव्हे. फासे टाकून कला होत नसते. आणि हा भूप नव्हे.

यांतील तिसरा आक्षेप बरोबर होता. पहिले दोन चूक होते. खेदाची गोष्ट अशी की, नंतर हा विषय आमच्या प्राध्यापक मित्रमंडळींत निघाला तेव्हा तिसऱ्या आक्षेपाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही. पहिले दोन मात्र एकमुखाने उचलून धरले गेले. ‘यंत्राला प्रतिभा नसते’ हे वाक्य त्या संध्याकाळी आम्ही किमान चार वेळा ऐकले. ते म्हणणाऱ्यांपैकी दोघे जण गेली कित्येक वर्षे मर्ढेकर शिकवत आहेत. मर्ढेकरांच्या कवितेतल्या यंत्रांवर त्यांनी विद्यार्थ्यांकडून पानेच्या पाने लिहून घेतली असतील. प्रत्यक्ष यंत्र समोर आले की मात्र त्यांना एकदम प्रतिभेची आठवण होते. (मर्ढेकर स्वतः आकाशवाणीच्या नोकरीत होते, हेही जाता जाता सांगून ठेवतो.)

साहित्याच्या पानावर हा संगीताचा तंटा आम्ही कशासाठी आणतो, असे कोणी विचारील. रचना कशास म्हणावे आणि योगायोगास कलेत जागा आहे काय, हे दोन्ही प्रश्न साहित्यविचाराचेच आहेत. परीक्षकांनी ते आमच्याच शिदोरीतून उचलले होते. तेव्हा शिदोरी तपासणे आमचे काम आहे.

प्रथम वस्तुस्थिती. पाश्चात्त्य संगीतात एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरसंघातील सूर सुटे करून एकामागून एक वाजवले की त्यास आर्पेजिओ म्हणतात. शब्द इटालियन, हार्प या तंतुवाद्यावरून आलेला. सिंथेसायझरमध्ये हे काम करणारी योजना म्हणजे आर्पेजिएटर. वादकाने पट्ट्या दाबून धरायच्या, यंत्राने ते सूर ठरलेल्या गतीने ओळीने वाजवायचे. १९८१ साली आलेल्या रोलंड कंपनीच्या ज्यूपिटर-८ या वाद्यावर त्याच्या चार रीती होत्या: चढती, उतरती, चढती-उतरती आणि यदृच्छेने. पहिल्या तीन रीती आपल्याकडे पेटी शिकणारे पोर पहिल्या महिन्यात घोटते त्या अलंकारांसारख्या. चौथी म्हणजे निव्वळ चिठ्ठ्या काढणे. पुढे तिसरी एक गोष्ट आली. प्रत्येक पायरीला, प्रत्येक सुराला आपापली शक्यता देता येऊ लागली: हा सूर शंभरांतून सत्तर वेळा वाजेल, तो दहा वेळा. काही वाद्यांत ही सोय पूर्वीपासून होती. एबलटन लाइव्ह या पुष्कळ वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती २०२१ च्या अकराव्या आवृत्तीपासून प्रत्येक सुराला जोडता येते. आणि मॉड्युलेशन म्हणजे हे आकडे स्थिर न ठेवता दुसऱ्या एखाद्या हालचालीच्या हाती देणे. एखादी संथ लाट त्यांना वरखाली झुलवते, किंवा एखादी चढण त्यांना एकदाच वर नेते.

आता पहिला आक्षेप. प्रत्येक खेपेस निराळे वाजते ते रचना नव्हे, हे खरे मानले तर ख्याल ही रचना उरत नाही. कीर्तनकाराचे निरूपण उरत नाही. जात्यावरची ओवी तर मुळीच उरत नाही, कारण तिथे एकच पूर्वार्ध गावोगावी निराळ्या उत्तरार्धाशी जोडला जातो. आमचे मित्र यावर म्हणाले, ‘तिथे माणूस निवडतो.’ ठीक. मग मुद्दा निराळेपणाचा राहिला नाही, निवडीचा झाला. आमचे म्हणणे इतकेच आहे की त्या विद्यार्थ्यानेही निवड केली होती. त्याने सूर निवडला नाही. सुराचा कल निवडला. निवड एक मजला वर सरकली, एवढाच फरक.

हा वरचा मजला छंदःशास्त्रात आपण सर्वांनी पाहिलेला आहे, फक्त त्याला तसे म्हटले नाही. अनुष्टुभ घ्या. चरणात आठ अक्षरे. लघु-गुरूंच्या प्रस्ताराने त्यांच्या २५६ रीती होतात. पण परंपरेने श्लोकाला काय सांगितले? पाचवे अक्षर लघु, सहावे गुरू. सातवे विषम चरणांत गुरू, सम चरणांत लघु. उरलेल्या जागा जवळजवळ मोकळ्या. म्हणजे आठ पायऱ्यांपैकी तीन पायऱ्यांवर शंभर टक्के निश्चिती आणि बाकीच्यांवर कवीला सोडलेली शक्यता. हे जर त्या मुलाने लॅपटॉपवर मांडले असते तर परीक्षक म्हणाले असते, ‘फासे!’ उलट मंदाक्रांतेत सतराच्या सतरा जागा बांधलेल्या. मोठ्या अभंगात ६-६-६-४ ही अक्षरसंख्या बांधलेली, लघु-गुरू मात्र सैल. माधव जूलियनांच्या ‘छंदोरचने’पासून आपण ही वर्गवारी शिकवत आलो. कुठे बांधायचे आणि कुठे सोडायचे याचा नकाशा म्हणजेच छंद. तो नकाशा आखणाऱ्यास रचनाकार म्हणायचे की नाही, याचे उत्तर आधी द्यावे आणि मग त्या विद्यार्थ्याला बाद करावे.

दुसरा आक्षेप फाशांचा. इथे घोटाळा असा आहे की फासा म्हटले की आमच्या मित्रांच्या डोळ्यांपुढे सहा बाजूंचा, सर्व बाजू सारख्या वजनाच्या, असा फासा येतो. मागे काय पडले याची आठवण त्याला नसते. पण शक्यतेचे शास्त्र तिथे थांबलेले नाही. रशियन गणिती मार्कोव्ह याने १९१३ साली पुश्किनच्या ‘येवगेनी अनेगिन’ या पद्यकादंबरीतील पहिली वीस हजार अक्षरे मोजली. स्वराक्षरे शेकडा सुमारे ४३ निघाली. परंतु स्वराच्या लगोलग पुन्हा स्वर येण्याचे प्रमाण शेकडा १३ च्या आसपास आणि व्यंजनानंतर स्वर येण्याचे सुमारे ६६. पुढचे काय येईल ते आत्ता काय आले यावर अवलंबून आहे, ही गोष्ट त्याने कवितेच्या पानावर बसून दाखवली. १९५७ साली इलिनॉय विद्यापीठातील संगणकाकडून जी ‘इलियाक सुइट’ ही तंतुवाद्यरचना करवली गेली, तीत हीच साखळी वापरलेली आहे. म्हणजे इलेक्ट्रॉनिक संगीतातली ही रीत साहित्याच्या घरातून बाहेर पडलेली आहे. साहित्याच्या प्राध्यापकांनी तिला दारात अडवावे हा विनोदच.

पण आमची खरी तक्रार याहून जुनी आहे. मराठीचा प्रत्येक विद्यार्थी यादवकाळ शिकतो. लीळाचरित्र शिकतो, ज्ञानेश्वरी शिकतो. आम्ही विदर्भातले तर रिद्धपूरचे नाव जरा अधिकच मोठ्याने घेतो. त्याच देवगिरीच्या राज्यात, सिंघण यादवाच्या आश्रयाने, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा दक्षिणेत आले. शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणात, म्हणजे राज्याच्या हिशेबदप्तरात, अधिकारी. पुढे हेमाद्री ज्या खात्याचा अधिपती झाला तेच हे खाते. ग्रंथ संस्कृतात आहे म्हणून आपण तो संगीत विभागाकडे ढकलून मोकळे झालो आणि त्यामुळे आपल्या हाती असलेला एक विचार गमावून बसलो.

त्या हिशेबनिसाने पहिल्याच अध्यायात दोन निराळी कामे केली. एक खंडमेरूचे. एका स्वराची रचना एक, दोहोंच्या दोन, तिहींच्या सहा, चोहोंच्या चोवीस, पाचांच्या १२०, सहांच्या ७२०, सातांच्या ५०४०. ह्या सर्व क्रमाने कशा लिहाव्यात, ही रीत म्हणजे प्रस्तार. अमुक क्रमांकाची तान कोणती, हे काढण्याची रीत म्हणजे नष्ट. अमुक तानेचा क्रमांक कोणता, हे काढण्याची रीत म्हणजे उद्दिष्ट. येथे सर्व ताना सारख्या. कोणी लाडकी नाही, कोणी दुय्यम नाही. आर्पेजिएटरची चौथी रीत, चिठ्ठ्या काढण्याची, ती या कोठारातून वाटेल ती चिठ्ठी उचलते.

दुसरे काम जातिलक्षणांचे. ग्रह, अंश, न्यास इत्यादी लक्षणांबरोबर तेथे अल्पत्व आणि बहुत्व ही दोन येतात. भरताच्या नाट्यशास्त्रापासून चालत आलेली. अल्पत्वाचे दोन प्रकार: लंघन आणि अनभ्यास. स्वराला जेमतेम शिवून पुढे जाणे ते लंघन. त्यावर पुन्हापुन्हा न येणे तो अनभ्यास. बहुत्वाचेही त्यांच्या उलट दोन: अलंघन आणि अभ्यास. आता लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहा. सूर टळण्याची शक्यता ही एक कळ. सूर पुन्हा येण्याची शक्यता ही दुसरी कळ. इतक्या नेमक्या दोन संज्ञा हाताशी असताना आमच्या चर्चेत त्यांचा उच्चार एकदाही झाला नाही. ‘फासे’ हा एकच शब्द सर्वांना पुरला.

इथे एक सावधगिरी. शार्ङ्गदेवाला संभाव्यतेचे गणित येत होते असे आम्ही म्हणत नाही. ते गणित पास्काल आणि फर्मा यांच्या १६५४ च्या पत्रव्यवहारापासून आकाराला येऊ लागले. खंडमेरू मोजतो, तो काहीही उचलत नाही. अल्पत्वाला आकडा नाही. देवगिरीत संगणक होता असा लेख उद्या कोणी लिहायला घेईल, म्हणून हे आजच लिहून ठेवलेले बरे.

परंतु रागाची ओळख सुरांच्या यादीत नसून त्यांच्या कमीअधिकपणात असते, हे मात्र आपल्या संगीतात इतके मुरलेले आहे की ते सांगावे लागू नये. भूप आणि देसकार. सूर तेच पाच. भातखंड्यांनी (त्यांची ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’ मुळात मराठीतच आहे, हेही आपण विसरलो) भूप कल्याण थाटात घातला, देसकार बिलावलात. भूपाचा वादी गंधार, संवादी धैवत. देसकारात नेमके उलट. एक रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, दुसरा सकाळचा. पूरिया, मारवा आणि सोहनी या तिघांची गत तीच. कोमल ऋषभ, तीव्र मध्यम आणि पंचम नाही. सामान एक, संसार तीन.

त्या विद्यार्थ्याची फाइल आम्ही मागवून घेतली आणि चूक तिथे सापडली. पाचही सुरांना त्याने प्रारंभी प्रत्येकी २० टक्के दिले होते. त्याला वाटले, हीच समता, हेच स्वातंत्र्य. वास्तविक पाच सुरांना सारखे वजन देणे म्हणजे त्यांच्यातून राग काढून घेणे होय; उरते ती सुरांची पिशवी. आम्ही प्रयोगादाखल गंधाराला ३२, षड्जाला २०, पंचमाला १८, धैवताला १८ आणि ऋषभाला १२ दिले. मग दुसरी मांडणी केली: धैवत ३२, पंचम २४, षड्ज २२, गंधार १६, ऋषभ ६. (आकडे आमचे आहेत, शास्त्राचे नव्हेत, कोणी त्यांवर प्रबंध लिहू नये.) इतक्यानेच कान वळू लागतो. भूप अजून होत नाही, पण देसकारापासून दूर सरकतो. पुढचे काम मार्कोव्हच्या साखळीचे. पंचमानंतर गंधाराकडे किती वेळा यायचे आणि धैवताकडे किती वेळा जायचे, याचा तक्ता मांडावा लागतो. पाच सुरांना पाच ओळी, पाच रकाने; पंचवीस आकडे. ते पंचवीस आकडे भरायला बसल्यावर त्या मुलाला पहिल्यांदा भूप शिकावा लागला. हार्मोनियमवर दोन वर्षे वाजवूनही, तो म्हणाला, आपण कधी स्वतःला विचारले नव्हते की ऋषभावरून नेमके कुठे जातो.

यंत्राने प्रतिभा मारली म्हणणाऱ्यांनी या वाक्यावर थोडे थांबावे.

मॉड्युलेशनच्या बाबतीत मात्र आम्ही त्या विद्यार्थ्याच्या पिढीशीही भांडू. या मंडळींना संथ लाटेचे फार वेड. सर्व काही लाटेला बांधायचे: आवाज, गाळणी, शक्यता. लाट वर जाते आणि खाली येते, पुन्हा वर जाते. पाळणा हलतो, मूल झोपते. सात मिनिटांनी श्रोताही. आलापाची बढत ही लाट नव्हे. ती मंद्रातून निघते, एकेक सूर आपलासा करते, आणि तार षड्ज लागल्यावर मागची अवस्था पुन्हा जशीच्या तशी येत नाही. तिला चढण लागते. एकदाच चढणारी, मध्ये बराच काळ एका पायरीवर रेंगाळणारी. धैवताचे वजन पहिली दोन मिनिटे जवळजवळ शून्य ठेवून मग ते हळूहळू सोडले तर श्रोत्याला धैवत भेटतो. लाटेवर झुलणारा धैवत भेटत नाही, नुसता ये-जा करतो. मर्ढेकरांनी लयीची जी तत्त्वे सांगितली, संवाद, विरोध आणि समतोल, त्यांतल्या विरोधाचा या संगीतात दुष्काळ आहे.

आणि सम. सोळा पायऱ्यांच्या आवर्तनात पहिल्या पायरीलाही ७० टक्केच ठेवणारे पाहिले की आम्हांस हसावे की रडावे कळत नाही. समेला शंभर द्यावेत. मुखडा पकडून गवई समेवर येतो तेव्हा मधल्या मोकळिकीचे मोल कळते. सम अनिश्चित झाली की बाकीची अनिश्चितीही स्वस्त होते.

या संदर्भात चरणजित सिंग यांचे नाव निघतेच. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या या कलावंताने १९८२ साली मुंबईत ज्यूपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन रोलंड वाद्ये घेऊन दहा रागांची तबकडी केली. भूप, यमन, मालकंस त्यांत आहेत. तबकडी तेव्हा दुर्लक्षित राहिली, २०१० मध्ये परदेशात पुन्हा निघाली, आणि ‘ॲसिड हाउस शिकागोच्या आधी मुंबईत झाले’ असा गजर सुरू झाला. २०१५ मध्ये चरणजित सिंग वारले. गजर चालूच आहे. कोण आधी आणि कोण नंतर या शर्यतीत आम्हांस रस नाही. ऐकण्यासारखे निराळेच आहे. खाली ३०३ ची ओळ घटवून ठेवल्यासारखी फिरते. त्या यंत्रात शक्यतेची सोयच नव्हती. वर हात फिरतो तो रागाची वजने जाणणारा. वजने हातात होती, यंत्रात नव्हती. आज ती यंत्रात लिहिता येतात. हे काम चरणजित सिंगांच्या पुढचे आहे, आणि ते न करता त्यांच्या नावाचा जयजयकार करणे फुकटचे आहे.

दुसरीकडे, बाजारात ‘राग’ म्हणून जे तयार संच विकले जातात ते बहुधा आरोह-अवरोहाची यादी देतात आणि थांबतात. त्यांच्या हिशेबी भूप आणि देसकार एकच. आमचे परीक्षक आणि हे विक्रेते परस्परांचे शत्रू दिसतात. वस्तुतः दोघांचा समज एकच आहे, की यंत्राच्या हाती फक्त सूर देता येतात, सुरांचा स्वभाव देता येत नाही. एक त्यावरून यंत्राला हाकलतो, दुसरा त्यावरून धंदा करतो.

परीक्षकांना घेता आला असता असा एक भक्कम आक्षेप होता, तोही सांगून टाकू. पायरी म्हणजे ठिपका. भूपातल्या धैवतावरून षड्जाकडे जाणारी मींड ठिपक्यांत मावत नाही. ३०३ वर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरण्याची सोय आहे, पण प्रत्येक घसरण एकाच वळणाची. अमान अली खाँ आणि अमीर खाँ यांची मेरुखंडाची गायकी ऐकताना क्रमांचे गणित जाणवते ते नंतर. आधी जाणवतो एका सुरातून दुसऱ्या सुरात जाण्याचा मार्ग. हा आक्षेप घेतला असता तर आम्ही परीक्षकांच्या बाजूने उभे राहिलो असतो. परंतु त्यासाठी रचना शेवटपर्यंत ऐकावी लागली असती; ती दुसऱ्या मिनिटाला थांबवण्यात आली होती.

विद्यार्थ्याने फाइल आता दुरुस्त केली आहे. नाव बदलून ‘देसकार’ ठेवले आहे, कारण दुसरी मांडणी त्याला अधिक साधली. मे महिन्यातल्या एका दुपारी आम्ही ती ऐकली. शेजारी कूलर आपला षड्ज धरून होता, आणि सकाळचा राग टळटळीत दुपारी ऐकल्याबद्दल आमच्यापैकी एकाने नाकही मुरडले. धैवत भेटतो. सम लागते. चढत्या वाटेवर मात्र मधूनच एखादा ऋषभ ठसठशीत येतो, आणि तो आला की भूपाची सावली पडते. आम्ही म्हटले, ते दोन टक्के शून्य कर. तो नाही म्हणतो. विवादी सूर जाणता गवई मुद्दाम लावतो की नाही, असे तो विचारतो. गवई कुठे लावायचा ते जाणतो, तुझे दोन टक्के जाणत नाहीत, असे आम्ही म्हटले. त्यावर त्याने ते दोन टक्के पाचव्या मिनिटापर्यंत शून्य ठेवले आणि मग सोडले. आमच्यात अजून एकमत झालेले नाही.